नुसतं ‘चांगले’

“मुलांचं मूल्यमापन म्हणताय ना तुम्ही?” जयराम दोंद्यांनी फोनवर पुन्हा विचारलं.

“नाही सर. मुलांकडून,” पलीकडून रोहिणीनेही पुन्हा तितक्याच गोड आवाजात सांगितलं. “मुलंच तुमच्या वर्गाचं मूल्यमापन करतील.”

“माझं?”

“म्हणजे कार्यक्रमाचं हो सर. तुम्ही त्यात आलातच.”

“आणि मी त्या वेळी काय करायचं? अंगठे धरून उभं राहायचं?”

रोहिणी खळखळून हसली. दोंद्यांनी विनोद केलेला नव्हता. त्यांनी फोन ठेवला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “सुला, जग बुडालं.”

“कुकरची शिट्टी होऊ द्या, मग बुडू द्या,” सुलाबाई म्हणाल्या.

यात एवढं संतापण्यासारखं काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण दोंदे सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्यांचा गोपनीय अहवाल दरसाल ‘अत्युत्कृष्ट’ असे. एकदाच एका नव्या साहेबांनी ‘निश्चित चांगला’ असा शेरा मारला. बाहेरच्या माणसाला वाटेल, चांगला, आणि तोही निश्चित, म्हणजे आणखी काय पाहिजे? पण सरकारी मराठीत ‘निश्चित चांगला’ हा अपमान असतो. आणि नुसतं ‘चांगला’ म्हणजे तर माणूस खुर्चीत झोपतो, फायली हरवतो, पण अजून कुणाला चावलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोंद्यांनी त्या शेऱ्याविरुद्ध अपील केलं, पुरावे जोडले, साहेबांची बदली झाल्यावरही पाठपुरावा सोडला नाही आणि शेरा बदलून घेतला, तेव्हाच गोड खाल्लं. आता अशा माणसाला तपासणार कोण, तर ज्यांना बुटाची लेस बांधायला अजून आई लागते, ती कार्टी!

नाशकात पाथर्डी फाट्याच्या आतल्या अंगाला सुजाता कॉलनी आहे. तिथल्या समाजमंदिरात शाळा सुटल्यावर दोंदे मुलांचा अभ्यास घेत. आईबाप अंबडच्या कंपन्यांमधून घरी येईपर्यंत पोरांनी रस्त्यावर हुंदडण्यापेक्षा दोन गणितं सोडवावीत, हा हेतू. आधी गणित, मग इंग्रजी, मग कॅरम आणि शेवटी दोंद्यांचं एक बोधपर भाषण. ‘कवडसा’ नावाच्या संस्थेने या वर्गाला पंखे, सतरंज्या, गोष्टींची पुस्तकं आणि तो कॅरम दिला होता. त्याच कवडसाच्या रोहिणीने आणि मंडळींनी आता ठरवलं होतं, की वर्ग मुलांसाठी आहे, तर तो कसा चाललाय हे मुलांनीच तपासावं, आणि ती काय म्हणतात ते पाहून पुढच्या वर्षी वर्गाला हात द्यायचा की नाही ते ठरवावं.

“हे म्हणजे पेशंटनी डॉक्टरला इंजेक्शन द्यायचं,” दोंदे संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले.

शेजारचे मुझफ्फरभाई बसवर वाहक म्हणून जन्म काढलेले. त्यांना तपासणी ही गोष्ट नवी नव्हती. “दोंदेसाहेब, टेन्शन घ्यायचं नाही. गाडीत चेकर चढला की आपण काय करायचो? हसायचो. आधी हसायचं, मग पाणी विचारायचं, मग चहा. चेकर लहान असू द्या नाहीतर मोठा, पोट तर सगळ्यांनाच आहे.”

“मी लाच देणार नाही.”

“लाच कोण बोलतंय? खातिरदारी.”

दोंद्यांनी तो विषय तिथेच तोडला. निदान तोडल्यासारखं केलं.

पहिली ठिणगी पडली ती निवडीवरून. मूल्यमापन करायला तीन मुलं हवी होती. दोंद्यांनी वर्गातली सर्वांत गुणी तीन मुलं स्वतः निवडली. गुणी म्हणजे कधीच न बोलणारी. पण रोहिणी म्हणाली, मुलं आपले प्रतिनिधी आपणच निवडतील, लोकशाही आहे सर. आता समाजमंदिराच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका दोंद्यांनीच लावलेली, दर सहा डिसेंबरला लोकशाहीवर बोलणारेही तेच. त्यामुळे लोकशाहीविरुद्ध तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

निवडणूक झाली आणि दोंद्यांना घाम फुटला. पहिली आली पायल. आठवीतली ही मुलगी कुठल्याही वाक्यापुढे ‘का?’ लावायची. दुसरी कशिश. ही सातवीत, अक्षर मोत्यासारखं. ती बोलायची कमी, पण समोरच्याकडे अशी टक लावून बघायची की बोलणारा आपलं वाक्य मध्येच दुरुस्त करायचा. आणि तिसरा सनी, चौथीतला, जो वर्गात केवळ कॅरमसाठी येत असे. आपण निवडून आलो तर लहान मुलांना कॅरमवर पहिला डाव देऊ, असं त्याने जाहीर आश्वासन दिलं होतं.

तिघांना गंगापूर रोडला कवडसाच्या कार्यालयात प्रशिक्षण मिळालं आणि गळ्यात पट्ट्या मिळाल्या : ‘बाल मूल्यमापक’. सनीने ती पट्टी घालूनच शाळा केली, किराणा आणला आणि आंघोळही केली. कॉलनीत कुणीही दिसलं की तो थांबून विचारायचा, “तुम्हाला इथं काय आवडतं? काय आवडत नाही?” इस्त्रीवाल्याने सांगितलं, मला तू आवडत नाहीस. सनीने तेही लक्षात ठेवलं.

मूल्यमापनाच्या आदल्या रविवारी दोंदे तिघांना मिसळ खायला घेऊन गेले. हा मुझफ्फरभाईंच्या सल्ल्याचा परिणाम नव्हता, असं ते आजही सांगतात. नाशकात रविवारी मिसळ खाल्ली नाही तर माणूस आजारी आहे असं समजतात, त्यात वेगळं ते काय? दही, पापड, जिलेबी असा सगळा थाट मांडून ताटं समोर आली, तशी पायलने आपली पाण्याची बाटली काढली.

“खा ना गं.”

“सर, हे कशाबद्दल?”

“सहज!”

“ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, ज्याचं मूल्यमापन करायचं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.”

कशिशने मान डोलावली आणि दोंद्यांकडे टक लावून बघितलं. दोंदे तर्रीत पाव बुडवता बुडवता थांबले. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. एक माणूस दोन उपाशी मुलींसमोर एकटा मिसळ खातोय, असं ते दृश्य होतं. सनीला मात्र असल्या तात्त्विक अडचणी नव्हत्या. त्याने आपलं ताट संपवलं, पायलचं संपवलं, कशिशचं संपवलं आणि तिघांच्या जिलेब्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनीची आजी तानुबाई दोंद्यांच्या दारात उभी. “गुरुजी, माझ्या नातवाला काय चारलं? पोरगं रात्रभर आत-बाहेर करून राहिलं! परीक्षा तुमची न् हाल त्याचे व्हय?” हे ती ज्या आवाजात बोलली तो पाथर्डी फाट्यावरच्या रिक्षावाल्यांपर्यंत गेला असावा. कारण त्या दिवसापासून दोंदे रिक्षात बसले की रिक्षावाले हसू दाबून विचारायचे, “सर, आज मिसळ नाही का?”

मग प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. तिघंही वर्गात मागे बसायची. दोंदे फळ्यावर अपूर्णांक शिकवायचे आणि मागे पेन्सिली चालायच्या. आता आपण बोलत नसतानासुद्धा ही कार्टी लिहीत असतील तर लिहिताहेत तरी काय, या विचाराने दोंद्यांनी एकदा सात आठं चोपन्न सांगितलं. सगळा वर्ग एका सुरात “छप्पन्न!” म्हणाला. मागे तिन्ही पेन्सिली चालल्या.

भाषणाच्या वेळी सनीने मोठ्या भावाचं घड्याळ आणलं होतं. ‘शिस्त आणि आपण’ या विषयाला हात घालून दोंदे नुकते जपानपर्यंत पोचले होते, तेवढ्यात तो म्हणाला, “सर, हे भाषण जपानहून परत कधी येतं?”

पण खरा घाव पुढेच होता. एका संध्याकाळी पायल म्हणाली, “सर, आज गटचर्चा आहे. तुम्ही बाहेर थांबाल का? मुलं मोकळेपणी बोलतील.”

आपल्याच वर्गातून दोंदे बाहेर आले. समाजमंदिराच्या पायरीवर बसले. आतून हसण्याचे फवारे येत होते. मध्येच कुणीतरी त्यांच्या आवाजात “आपल्याला काय शिकायचं आहे? तर शिस्त!” असं म्हणालं आणि सगळा वर्ग लोळला. हे आपण असं बोलतो? नाकातून? कंपनीतून परतणारा एक पालक सायकल थांबवून म्हणाला, “काय सर, बाहेर काढलं का?” खात्यात असताना ते ज्या दारातून जात त्या दारातले शिपाई उभे राहायचे. आणि इथे ते पायरीवर, तर आत एक चौथीतलं पोरगं खुर्चीवर.

अहवाल सादर करायच्या दिवशी पालक आले, रोहिणी आली. मुलांनी मोठ्या तक्त्यावर रंगीत चित्रं काढली होती. आवडतं : पंखा, कॅरम, गोष्टींची पुस्तकं, सरांचं गणित, सर मारत नाहीत. आवडत नाही : भाषण, भाषण (हे दोनदा होतं, कारण सनीने वेगळं लिहिलं होतं), कॅरमची हरवलेली राणी. मग पायलने पुढचं वाचलं, “मोठ्या मुली वर्ग का सोडतात, हे सरांना माहीत नाही.” आणि शेवटी, सर्वांत मोठ्या अक्षरात, भोवती फुलं काढून : ‘दोंदे सर : चांगले’.

टाळ्या पडल्या. रोहिणीने तर उभं राहून वाजवल्या. दोंद्यांच्या कानशिलातून वाफ निघत होती. चांगले! निश्चित नाही, उत्कृष्ट तर नाहीच. नुसतं चांगले! भोवती फुलं काढून अपमान करायची पद्धत खात्यातही कुणाला सुचली नव्हती.

“मी अपील करणार,” घरी आल्या आल्या ते म्हणाले.

सुलाबाई मेथी निवडत होत्या. “पोरांवर?”

“प्रतिकूल शेऱ्यांविरुद्ध अपील हा माझा अधिकार आहे. आणि मोठ्या मुली का जातात ते मला माहीत नाही म्हणे! मला! ती कशिशची बहीण इनायत, गणितात काय डोकं होतं पोरीचं. दहावीच्या तोंडावर वर्ग सोडला. कशापायी? मोबाइलपायी. हे मी शंभरदा भाषणात सांगितलंय.”

सुलाबाई मेथी आणखी बारीक निवडू लागल्या. त्यांचं माहेर कळवणकडचं. तिकडची माणसं बोलायची नसली की भाजी जास्त बारीक निवडतात.

अपील गेलं. ‘प्रति, बाल मूल्यमापन समिती’ असं डोक्यावर लिहून, समास सोडून, मुद्द्यांना अनुक्रम देऊन. पायलने रोहिणीला फोन करून विचारलं, अपील आलं तर काय करायचं? रोहिणीला इतका आनंद झाला की तिला शब्द सुचेनात. “ऐकून घ्या ना सरांचं!” ती म्हणाली.

तर शनिवारी वर्ग सुटल्यावर सुनावणी भरली. तिघं टेबलामागे, दोंदे समोरच्या खुर्चीवर. मुझफ्फरभाई प्रेक्षक म्हणून आले होते आणि त्यांनी शेंगदाणे आणले होते. सनीने दारात जाऊन कोर्टातल्यासारखी आरोळी ठोकली, “जयराम दोंदे हाजिर हो!” खरं तर दोंदे त्याच्या पाठीमागेच खुर्चीवर बसलेले होते.

“मुद्दा पहिला,” दोंदे उभे राहिले. “‘चांगले’ हा शेरा कोणत्या निकषावर दिला? माझी हजेरी, माझी वेळ, माझं अध्यापन, यात नेमकी काय त्रुटी आढळली?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

“सर, चांगले म्हणजे चांगले,” पायल म्हणाली.

“म्हणजे वाईट नाही एवढंच ना?”

तेव्हा कशिश पहिल्यांदा बोलली. “सर, चांगलेच्या वर पण काही असतं का? आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या अम्मीला पण मी चांगलीच म्हणते.”

मुझफ्फरभाई शेंगदाणा चावायचे थांबले. मग दोंदे म्हणाले, “ठीक आहे. पहिला मुद्दा मी मागे घेतो. पण दुसरा! मोठ्या मुली का जातात ते मला पूर्ण माहीत आहे. कशिश, तुझी बहीण इनायत मोबाइलच्या नादाने—”

“सर, इनायतआपाकडे मोबाइल नाहीये.”

“नाही?”

“घरात एकच आहे. अब्बू कामावर घेऊन जातात.”

मग पायलने मान खाली घातली आणि टेबलाशी बोलल्यासारखं सांगून टाकलं, “सर, इथला संडास बंद आहे ना. कुलूप आहे त्याला. शाळेतून आम्ही थेट इथं येतो. मुलं भिंतीमागे जातात. छोट्या मुली घरी पळतात. मोठ्या झाल्यावर असं नाही ना जमत. काही दिवस तर नाहीच जमत. मग एक दिवस नाही आलं, दोन दिवस नाही आलं की घरचे म्हणतात, राहू दे आता.”

दोंद्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. “मग मला का नाही सांगितलं कुणी? मी रोज विचारतो, काही अडचण आहे का म्हणून!”

“विचारता सर,” पायल म्हणाली. “पण लगेच तुम्हीच म्हणता, नाही ना? शाब्बास.”

सनी म्हणाला, “अपील संपलं का? कॅरम काढू?”

दोंदे घरी आले ते तडक सुलाबाईंसमोर. “तुला माहीत होतं?”

“सगळ्या कॉलनीला माहीत हाय. बायांना तर लय आधीपासून.” सुलाबाईंना राग आला की कळवण बाहेर यायचं. “पण तुम्ही एकदा मोबाइल म्हणाले ना, मग कोण बोलणार तुमच्यापुढे?”

तो राग दोंद्यांना पटला. पण स्वतःवर रागावून बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. आणि सुदैवाने रागवायला एक कार्यालय होतं. समाजमंदिर आणि त्यामागचं शौचालय ज्या कार्यालयाच्या ताब्यात होतं, त्याचं नाव इथे देत नाही. दोंद्यांनी बिनधास्त दिलं असतं, पण आपली अजून तिथे कामं आहेत.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी दोंदे तिथे गेले. पायल आणि कशिश बरोबर आल्या, कारण त्यांचं म्हणणं असं, की निष्कर्ष आमचा आहे. खिडकीवर राकेश नावाचा तरुण कारकून होता. दोंद्यांनी शौचालयाची किल्ली मागितली. राकेशने संगणकात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “काका, ते पाडलंय.”

“काय पाडलंय?”

“शौचालय. जीर्ण झाल्यामुळे पाडण्यात आलं. रेकॉर्डला आहे.”

“अहो, ते उभं आहे! मी रोज बघतो!”

“ते तुमचं म्हणणं झालं, काका.”

“आणि त्याला कुलूप आहे, ते कुणाचं?”

राकेशने पुन्हा पाहिलं. “कुलूप आमचंच. कुलूप रेकॉर्डला आहे.”

“मग त्याची किल्ली द्या.”

“जे पाडलंय त्याची किल्ली मी कशी देणार? उद्या माझ्यावर येईल ना.”

दोंद्यांना इथे एक विचित्र यातना झाली. हे उत्तर चोख होतं. ते स्वतः खिडकीच्या आत असते तर शब्द न शब्द हेच बोलले असते, वर ‘काका’ऐवजी ‘आपण’ म्हणून अधिक सभ्यपणे हाकललं असतं.

तेवढ्यात पायल पुढे झाली. गळ्यातली पट्टी तिने सरळ केली. “दादा, या कार्यालयात तुम्हाला काय आवडतं?”

“काय?”

“आणि काय आवडत नाही?”

राकेश गोंधळला. पण रांगेतला मागचा म्हातारा नाही गोंधळला. तो पेठहून सकाळच्या गाडीने आलेला होता. “मला विचार गं पोरी! मला नाय आवडत. बसायला बाकडं नाय!” त्याच्या मागची बाई म्हणाली, “माझं पण लिही. इथं आले की हे म्हणतात साहेब जेवायला गेले. सकाळी पण जेवायला, दुपारी पण जेवायला!” मग तर रांगच मोडली. जो तो कशिशभोवती जमून आपलं आवडत नाही ते सांगायला लागला. आवडतं असं कुणालाच काही सुचेना. शेवटी एकाने “बाहेरचा वडापाव” असं सांगितलं. आतून कुणीतरी मोठ्या आवाजात विचारलं, “काय चाललंय बाहेर?”

राकेशने खिडकीतून डोकं काढलं आणि अगदी हळू म्हणाला, “काका, या मुलींना घेऊन जा, हात जोडतो. आणि हे बघा, मी काही बोललो नाही. पण जे पाडलेलंच आहे, त्याचं कुलूप तुटलं तर तक्रार कोण करणार?”

दोंद्यांनी नोकरीभर कधी टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. ते आठवडाभर अस्वस्थ होते. आणि मग रविवारी सकाळी, चांगल्या लख्ख उजेडात, चार लोकांदेखत, मुझफ्फरभाईंचा हातोडा घेऊन ते समाजमंदिरामागे गेले.

चार लोकांचे चाळीस झाले. “हातोड्याने नाही, आरीने कापा.” “आधी तेल घाला, उगाच जोर कशाला?” “सर, पकड बदला, अंगठा जाईल.” “व्हिडिओ काढू का?” कुलूप मात्र सरकारी होतं, ते ढिम्म हललं नाही. दोंद्यांनी सगळा राग गोळा केला. त्यात साहेबांच्या त्या जुन्या ‘निश्चित चांगला’पासून परवाच्या ‘काका’पर्यंत सगळं होतं. त्यांनी घाव घातला. कुलूप जागच्या जागी राहिलं आणि कुलपासकट, कडीसकट, चौकटीसकट अख्खं दार आत कोसळलं. त्यामागोमाग दोंदे कोसळले.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं आणि चष्म्याची एक काडी गेली होती. आत शौचालय शाबूत होतं. शिवाय छतापर्यंत रचलेले फलक होते. मुझफ्फरभाईंनी वरच्या फलकावरची धूळ पुसली आणि मोठ्याने वाचलं, “‘स्वच्छतेत आपला वाटा उचला.’”

“उचला,” सुलाबाई पदर खोचत म्हणाल्या. “उचला, म्हणजे झाडता येईल.”

पुढचे दिवस कॉलनीने हातोहात काम केलं. मुझफ्फरभाईंनी नळ जोडला, पालकांपैकी एकाने कंपनीतून सुट्टी घेऊन चौकट बसवली, बल्ब लागला. दाराला आतून कुठली कडी लावायची यावर पायल, कशिश आणि सुलाबाईंनी हार्डवेअरच्या दुकानात तासभर वाद घालून दुकानदाराला रडकुंडीला आणलं. दोंद्यांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा पायल म्हणाली, “सर, तुम्ही बाहेर थांबाल का?” आणि ते थांबले. राग आला, पण थांबले.

मग नोटीस आली. ‘आपण शासकीय मालमत्तेचे कुलूप व दार तोडल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये?’ नोटीस वाचून सगळी कॉलनी घाबरली. तानुबाई म्हणाली, गुरुजींना आत टाकलं तर डबा मी देईन, मिसळ सोडून. दोंद्यांच्या चेहऱ्यावर मात्र किती तरी दिवसांनी तेज आलं. त्यांनी समास सोडला आणि उत्तर लिहिलं. ‘आपल्या दप्तराप्रमाणे सदर वास्तू पाडण्यात आलेली आहे. अस्तित्वात नसलेल्या वास्तूचे दार मी नेमके कसे तोडले, याचा खुलासा झाल्यास आभारी राहीन. अन्यथा साहेबांनी स्वतः येऊन स्थळपाहणी करावी.’

साहेब आले. वर्गाच्या वेळेलाच, संध्याकाळी, बरोबर राकेशला आणि फायलीला घेऊन. वर्ग गणितं सोडवत होता. पुढच्या ओळीत, कशिशच्या शेजारी, एक वही उघडी पडली होती आणि जागा रिकामी होती.

“कुठे आहे ते?” साहेबांनी विचारलं.

“काय साहेब?” दोंदे म्हणाले.

“ते... पाडलेलं.”

“या ना, दाखवतो.”

सगळे मागे गेले. साहेबांनी नव्या दाराकडे पाहिलं. फायलीकडे पाहिलं. राकेशकडे पाहिलं. राकेश आभाळाकडे बघत होता. दारासमोर दोन मुली उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या नाहीत. साहेबांनी त्यांच्यामधून हात घालून दार ढकललं. ते आतून बंद होतं. त्यांनी टकटक केली, आधी हळू आणि मग अधिकाऱ्यासारखी.

“अरे थांबा ना!” आतून चिडलेला आवाज आला.

“कोण आहे आत?”

“मी आहे, इनायत! दहावीची! आलेच दोन मिनिटांत!”

साहेबांनी हात मागे घेतला आणि काय लिहावं हे न सुचून पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. जयराम दोंदे त्यांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभे राहिले. कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं.

“साहेब,” ते संतापून म्हणाले, “जरा लांब उभे राहा. आणि रांग आहे, दिसत नाही का? तुमच्या आधी अजून दोघी आहेत.”